जुन्या सी-१०ला ट्रेलर ओढायचाय? मग गिअरबॉक्स असा निवडा

१९६७ ते १९७२ दरम्यानचा शेवरोले सी-१० पिकअप ट्रक घरी आणला की पहिले काही महिने रंग, क्रोम आणि सीट कव्हर यांतच जातात. मग घरात कॅम्पर येतो किंवा बोट येते, ट्रकच्या मागे हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा आकडा, बसतो, आणि पहिल्याच लांब चढावर लक्षात येतं की तीन गिअरवर हायवे आणि घाट दोन्ही सांभाळताना इंजिन मेटाकुटीला येतंय. तिथून शोध सुरू होतो आणि पहिला प्रश्न हमखास हाच असतो: सगळ्यात मजबूत गिअरबॉक्स कोणता?

हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. आधी तीन गोष्टी ठरायला हव्यात: ओढायचं वजन, मागच्या एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे) आणि रस्त्यावरचा चढ. या तिन्हींचे आकडे कागदावर आले की निम्मे पर्याय आपोआप गळतात. अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींच्या गॅरेजात असा ट्रक उभा आहे, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय. उदाहरण ३५० घनइंची व्ही-८ इंजिनाच्या टू-व्हील ड्राइव्ह सी-१०चं घेतलंय. फोर्ड आणि डॉजवाल्यांसाठी पुढे थोडक्यात सांगितलंच आहे, हिशोबाची पद्धत मात्र तीच.

पहिली पायरी: काट्यावर जा

कॅम्परच्या माहितीपत्रकात छापलेलं वजन रिकाम्या कॅम्परचं असतं. पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर, बॅटरी, खुर्च्या आणि तांदळाची पिशवी धरून ते सहज काही शे पौंडांनी वाढतं. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. प्रवासाला निघताना भरता तसा सगळा संसार भरून तिथे जा. पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी छापून मिळतात.

आपल्या उदाहरणात ट्रक माणसांसकट ४,५०० पौंड आणि ट्रेलरही ४,५०० पौंड धरू, म्हणजे एकूण ९,००० पौंड, सुमारे ४,१०० किलो. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचवर यायला हवा. तो कमी पडला तर ट्रेलर मागे शेपटी हलवत चालतो, आणि त्यावर कुठलाही गिअरबॉक्स उपाय नाही.

इथेच एक कटू गोष्ट सांगून टाकतो. दणकट गिअरबॉक्स टाकल्याने ट्रकची ओढण्याची अधिकृत क्षमता वाढत नाही. चेसिस, स्प्रिंगा, हिच आणि ब्रेक जिथे होते तिथेच राहतात. सी-१०ला पुढे डिस्क ब्रेक १९७१पासून मिळाले, त्याआधीच्या ट्रकना चारही चाकांवर ड्रम. तुमचा ट्रक १९६९चा असेल आणि ब्रेक मूळचेच असतील, तर खिशातला पहिला डॉलर पुढच्या डिस्कवर आणि ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकच्या कंट्रोलरवर जायला हवा. गिअरबॉक्स त्यानंतर.

दुसरी पायरी: एक्सलचा रेशो मोजा

ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्याचा कागद चिकटवलेला असतो. त्यावर रेशो सापडू शकतो, पण पन्नास वर्षांत कुणीतरी एक्सल बदललेला असू शकतो. म्हणून स्वतः मोजा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावा, मागचं एकच चाक जॅकने उचलून खाली स्टँड द्या आणि गिअर न्यूट्रलमध्ये टाका. प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतच्या दांड्यावर, खडूची रेघ मारा. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. पावणेचारच्या किंचित आत आले तर ३.७३, चारच्या जरा पुढे गेले तर ४.१० किंवा ४.११, तीनच्या थोडं पुढे थांबले तर ३.०७. ही रीत साध्या डिफरेन्शियलसाठी आहे. लॉकिंग (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) डिफरेन्शियल असेल तर दोन्ही चाकं उचलून एकच फेरा मोजायचा.

तिसरी पायरी: आरपीएमचं गणित

ताशी मैल, एक्सलचा रेशो आणि टॉप गिअरचा रेशो यांचा गुणाकार करा, त्याला ३३६ने गुणा आणि टायरच्या इंचांमधल्या व्यासाने भागा. उत्तर येतं ते इंजिनाचं आरपीएम. २३५/७५आर१५ टायरचा व्यास साधारण २९ इंच असतो.

ताशी ६५ मैलांवर ३.७३ एक्सल आणि थेट १.०० गिअर असेल तर इंजिन सुमारे २,८०० आरपीएमवर फिरतं. ०.७५ ओव्हरड्राइव्ह, म्हणजे शाफ्टपेक्षा इंजिनाला हळू फिरू देणारा वरचा गिअर, मिळाला की २,१००. एक्सल ४.१० असेल तर हेच आकडे ३,१०० आणि २,३०० होतात. ३.०७वर थेट गिअरातच २,३०० येतं आणि ०.७० ओव्हरड्राइव्हमध्ये १,६००.

हा शेवटचा आकडा नीट पाहा. नऊ हजार पौंड ओढताना कार्बोरेटरवाल्या ३५०ला १,६०० आरपीएमवर काही जीव राहत नाही. जरा चढ आला की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खालचा गिअर घेतो, सपाटी आली की वरचा, पुन्हा खालचा, आणि ही खालीवर दिवसभर चालू राहते. प्रत्येक बदलात क्लच थोडे घसरतात आणि ऑइल तापतं. म्हणून ३.०७वाल्याने ओव्हरड्राइव्हच्या मागे लागण्याआधी एक्सलचे गिअर बदलावेत. ३.७३ किंवा ४.१० असेल, तरच चौथा गिअर कामाचा.

दुसरा गुणाकार गाडी जागेवरून हलवण्याचा: पहिला गिअर गुणिले एक्सल. टर्बो ४०० या तीन गिअरांच्या ऑटोमॅटिकचा (नावातल्या टर्बोचा टर्बोचार्जरशी संबंध नाही) पहिला २.४८, म्हणजे ३.७३ एक्सलवर ९.२५. चार गिअरांच्या ऑटोमॅटिक ७००आर४चा ३.०६, म्हणजे ११.४. जुन्या चार स्पीड एसएम४६५चा तब्बल ६.५५, म्हणजे २४.४. ऑटोमॅटिकचे आकडे लहान दिसतात, पण गाडी हलताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातला ऑइलचा जोड) टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, साधारण दुप्पट करतो, त्यामुळे रस्त्यावर फरक एवढा राहत नाही. ओल्या उतारावरून बोट पाण्याबाहेर काढताना हाच गुणाकार उपयोगी पडतो.

उंचीही धरा. टर्बोचार्जर नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथे तुमच्या इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद गायब असते. फ्लोरिडातल्या मित्राचा ट्रक ज्या जोडणीवर खुशीत चालतो, ती कोलोराडोत चालेलच असं नाही.

चौथी पायरी: ऑटोमॅटिक की हाताचा?

यावर वाद घालण्यात लोकांच्या संध्याकाळी जातात. माझं मत सरळ आहे. रहदारीत थांबत-सरकत ओढायचं असेल, बोट रॅम्पवरून मागे-पुढे करायची असेल आणि गाडी घरातल्या दुसऱ्या कुणीही चालवायची असेल, तर ऑटोमॅटिक. लांब मोकळे रस्ते, मोठे उतार आणि चालवणारे तुम्ही एकटेच असाल, तर हाताचा. उतारावर हाताचा गिअरबॉक्स इंजिनाचा ब्रेक सरळ चाकांपर्यंत पोचवतो, आणि त्याला तापायला कन्व्हर्टरच नसतो. पण चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवायची सवय असेल, तर क्लच प्लेटचा वास लवकरच केबिनमध्ये येईल.

पाचवी पायरी: उमेदवार

टर्बो ३५० खूप ट्रकांना कारखान्यातूनच यायचा. त्याचे गिअर २.५२, १.५२ आणि १.००. दोन हजार पौंडांचा छोटा ट्रेलर आणि ताशी ५५ मैल एवढीच हौस असेल, तर तो दुरुस्त करून मोठा कूलर लावा आणि पैसे वाचवा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला तशीही ताशी ५५ मैलांचीच मर्यादा आहे.

टर्बो ४०० म्हणजे खरा मजूर. १९६४पासून बनत आला, तारांचं जंजाळ नाही, आणि अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक जुन्या मेकॅनिकला तो उघडता येतो. त्याला एकच खोड आहे. मागच्या उजव्या बाजूला व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाची पत्र्याची छोटी डबी असते. तिच्यातला पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं ऑइल ओढून घेतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि मालक पिस्टन रिंगा गेल्या म्हणून रडत बसतो. ती व्हॅक्यूमची नळी काढून आत बोट घाला. लाल ऑइल लागलं तर डबी बदला, काम स्वस्तात झालं. टर्बो ४००मध्ये ओव्हरड्राइव्ह नाही. मागे गिअर व्हेंडर्सचा वेगळा ओव्हरड्राइव्ह जोडता येतो. त्याचा रेशो ०.७८, चीज उत्तम, पण किंमत ऐकून घाम फुटतो.

७००आर४ १९८२मध्ये आला: ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. मोकळ्या सी-१०साठी तो मला फार आवडतो. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लागत नाही, जुना स्पीडोमीटर चालतो, जागेवरून उठाव छान. पण पहिला आणि दुसरा यांच्यातली दरी मोठी आहे. चार हजार आरपीएमवर गिअर बदलला की इंजिन एकदम एकवीसशेवर येतं, आणि चढावर हे अंतर अंगावर येतं. शिवाय तिसऱ्या-चौथ्याचा क्लच हा त्याचा नाजूक भाग. जुना घ्यायचाच तर १९८७ किंवा नंतरचा घ्या, कारण तोवर कंपनीने त्यात बऱ्याच सुधारणा केल्या होत्या. साडेतीन हजार पौंडांपलीकडच्या ट्रेलरसाठी साधा, न सुधारलेला ७००आर४ मी सुचवणार नाही. ४एल६०ई हा त्याचाच १९९३चा इलेक्ट्रॉनिक भाऊ. गिअर तेच आणि नाजूकपणाही बराचसा तोच.

आता ४एल८०ई. १९९१मध्ये आला. मुळात टर्बो ४००चा वारस, म्हणून पहिले तीन गिअर तेच: २.४८, १.४८, १.००. त्यावर ०.७५ ओव्हरड्राइव्ह आणि लॉक होणारा, म्हणजे घसरण थांबवणारा, कन्व्हर्टर. नावातला ८० हा मजबुतीचा दर्जा आहे. पाऊण टनी आणि एक टनी शेवरोले-जीएमसी पिकअप, सबर्बन आणि मोठ्या व्हॅन यांच्यातून तो भंगारात मिळतो. आपल्या नऊ हजार पौंडांच्या उदाहरणासाठी मी हाच निवडेन, आणि जोडीला ४.१० एक्सल: सपाटीवर ओव्हरड्राइव्हमध्ये २,३००, चढ आला की तिसऱ्यात ३,१००, आणि दोन्ही ठिकाणी कन्व्हर्टर लॉक. बदल्यात तीन गोष्टी सोसाव्या लागतात. तो वजनाला भारी आहे, लांब आहे, आणि चालवायला स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लागतो.

हाताच्या गिअरबॉक्समध्ये एसएम४६५ आधीच असेल तर काढण्याआधी दोनदा विचार करा. ओतीव लोखंडी कवच, पहिला गिअर फक्त भार हलवायला, रोज निघायचं दुसऱ्यावर. पन्नाशीच्या वेगात शेतावरच्या कामाला त्याला तोड नाही. हायवे हवा असेल तर एनव्ही४५००. हाही लोखंडी, पाच गिअरांचा, ओव्हरड्राइव्ह ०.७३. जनरल मोटर्सच्या सुरुवातीच्या आवृत्तीत पहिला ६.३४ आहे, नंतरच्यांत ५.६१. टू-व्हील आणि फोर-व्हील ड्राइव्हच्या आवृत्त्यांची मागची बाजू वेगळी असते, ती बघूनच पैसे द्या. त्यात त्याच्यासाठी सांगितलेलंच सिंथेटिक ऑइल घाला. हाताशी आहे म्हणून डिफरेन्शियलचं ऑइल ओतलं तर सिंक्रोनायझरची (गिअर खडखडाट न होता बसवणाऱ्या कड्यांची) वाट लागते.

फोर्डवाल्यांकडे सी६ हा टर्बो ४००च्या तोडीचा, ई४ओडी हा १९८९पासूनचा ओव्हरड्राइव्हवाला, आणि हाताच्यात झेडएफचा पाच स्पीड. डॉजवाल्यांनी ७२७ टॉर्कफ्लाइट सोडू नये. ओव्हरड्राइव्ह हवाच तर त्याच घराण्यातला ए५१८ शोधावा.

सहावी पायरी: बसेल का?

जुना गिअरबॉक्स विकत घेताना ऑइलच्या पट्टीचा वास घ्या. जळका वास आणि काळं ऑइल म्हणजे आतले क्लच संपलेत. खालचा पॅन उघडू दिला तर उत्तमच. राखाडी चिखलासारखा पातळ थर ठीक, पितळी-लोखंडी चुरा असेल तर नमस्कार करून निघा.

आता जुळवाजुळव. ४एल८०ई टर्बो ३५०पेक्षा लांब असल्याने आधाराचा क्रॉसमेंबर मागे सरकवावा लागतो आणि प्रोपेलर शाफ्ट कापून घ्यावा लागतो. लांब बेडच्या ट्रकला शाफ्ट बहुधा दोन तुकड्यांचा असतो, तिथे पुढचा तुकडा कापायचा. कापल्यावर बॅलन्स करून घ्यायलाच हवा. टर्बो ३५० आणि ७००आर४चा योक (शाफ्टचं गिअरबॉक्सात शिरणारं टोक) २७ दात्यांचा, टर्बो ४०० आणि ४एल८०ईचा ३२ दात्यांचा, त्यामुळे योकही बदलतो. ३५० इंजिन १९८६च्या आधीचं असेल तर क्रँकचे बोल्ट नंतरच्या इंजिनांपेक्षा वेगळ्या अंतरावर असतात. फ्लेक्सप्लेट (क्रँक आणि कन्व्हर्टर जोडणारी चकती) मागवताना इंजिनाचं साल सांगा, गिअरबॉक्सचं नव्हे. ४एल८०ईला स्पीडोमीटरची केबल लागत नाही, म्हणून जुना काटा फिरवायला वेगळी मोटर किंवा जीपीएसवर चालणारा स्पीडोमीटर घ्यावा लागतो. कंट्रोलरला थ्रॉटल किती दाबलाय ते कळायला कार्बोरेटरवर सेन्सरही बसवायचा. आणि १९९७पासून या गिअरबॉक्सची कूलरची एक नळी मागे सरकली आहे, नळ्या वाकवण्याआधी तुमचा कोणता ते पाहा.

कन्व्हर्टर निवडताना शर्यतीवाल्यांचं ऐकू नका. ओढण्यासाठी कमी स्टॉलचा (चाकं अडवून धरल्यावर इंजिन जास्तीत जास्त जितकं फिरतं तो आकडा), साधारण १,६०० ते १,८०० आरपीएमचा हवा. जास्त स्टॉल म्हणजे जास्त घसरण, आणि घसरण म्हणजे उष्णता.

सातवी पायरी: कूलर, आणि ७००आर४ची केबल

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बहुतेक वेळा तुटत नाही, शिजतो. मेकॅनिक मंडळींचा ठोकताळा असा की १७५ फॅरनहाइटच्या, म्हणजे ८० सेल्सियसच्या, वर दर २० अंश फॅरनहाइटला ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून नवा गिअरबॉक्स आणि जुनाच कूलर ही काटकसर करू नका. थरांच्या पत्र्यांचा मोठा कूलर घ्या. त्याच्या खोक्यावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती ट्रक आणि ट्रेलर मिळून पाहायची. ऑइल आधी रेडिएटरच्या टाकीतून आणि मग या कूलरमधून जाऊन गिअरबॉक्सकडे परतावं. कूलर रेडिएटरच्या पुढे, वारा लागेल असा बसवा. पॅनमध्ये तापमानाचा सेन्सर आणि डॅशबोर्डवर मीटर लावा. पॅन २०० फॅरनहाइटच्या आत राहिला तर आनंद, २५०कडे निघाला तर बाजूला थांबा, न्यूट्रलमध्ये इंजिन जरा वेगाने चालू ठेवा आणि काटा उतरू द्या.

७००आर४ घेणाऱ्यांसाठी हा परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा. कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सकडे जाणारी केबल टर्बो ३५०च्या किकडाऊन केबलसारखी (पेडल जोरात दाबल्यावर खालचा गिअर पाडणाऱ्या) दिसते, म्हणून लोक ती अंदाजाने अडकवतात. पण ही केबल आतल्या ऑइलचा दाब ठरवते. ती सैल राहिली तर गिअर लवकर आणि मऊ पडतात, गाडी गुळगुळीत चालल्यासारखी वाटते, आणि आत कमी दाबामुळे क्लच घसरून जळत असतात. भार मागे असेल तर एकाच फेरीत काम तमाम. पेडल पूर्ण दाबल्यावर केबल तिच्या शेवटापर्यंत ओढली गेली पाहिजे, त्याच वेळी थ्रॉटलही पूर्ण उघडला पाहिजे. पेडल केबिनमधूनच दाबून पाहा, हाताने थ्रॉटल उघडून नव्हे, कारण मधल्या दांड्यांतली ढिलाई तेव्हाच कळते. एडलब्रॉक किंवा हॉली कार्बोरेटर असेल तर केबल योग्य कोनात ओढणारी पट्टी वेगळी मिळते. ती न लावता गाडी बाहेर काढूच नका. प्रेशर गेज लावून दाब तपासणारा मेकॅनिक मिळाला तर त्याला चहा पाजा.

आठवी पायरी: रस्त्यावर

पहिले काही शे मैल ट्रेलर जोडू नका. इंजिन चालू, ऑइल गरम आणि गिअर पार्कमध्ये असताना पातळी बघा, नळ्यांच्या जोडांखाली पुठ्ठा ठेवून गळती पाहा. ४० ते ६० मैलांच्या वेगात केबिनचा तळ थरथरला तर शाफ्टचे कोन चुकलेत. गिअरबॉक्सची शेपटी आणि डिफरेन्शियलचं नाक एकमेकांना समांतर हवेत आणि सांध्यांचे कोन तीन अंशांच्या आत.

मग अर्धा भार जोडून ओळखीचा चढ घ्या. चढावर ओव्हरड्राइव्ह बंद ठेवून तिसऱ्यातच राहा, आणि गिअर सारखा खालीवर होतोय असं जाणवलं तर वाट न पाहता स्वतःच खालचा टाका. उतारासाठी खंडाळ्याच्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम लॉस एंजेलिसच्या उत्तरेच्या ग्रेपव्हाइनच्या सहा टक्के उतारावरही तसाच लागू आहे: ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. ४एल८०ईमध्ये त्यासाठी लिव्हर हाताने दुसऱ्या किंवा तिसऱ्यावर आणावा लागतो, नुसतं डीमध्ये ठेवलं तर गाडी ब्रेकच्याच जीवावर उतरते.

पूर्ण भाराच्या पहिल्या सहलीवरून परतल्यावर पट्टी पुन्हा काढा. ऑइल स्वच्छ लाल असेल आणि वास नेहमीचाच असेल तर जोडणी जमली. तपकिरी झालं असेल तर पुढच्या सहलीआधी ऑइल आणि फिल्टर बदला, केबलचा किंवा कंट्रोलरचा दाब पुन्हा तपासा आणि कूलर एक माप मोठा घ्या.